पहिल्या दिवशी फक्त पडायचं

"बूट इथं काढा. आणि काढल्यावर तोंड दाराकडे करून ठेवा."

"कुणाचं तोंड?" फोटोमास्तरांनी विचारलं.

"बुटांचं."

मास्तरांनी खाली बघितलं. भिंतीलगत जोडे, चपला, सँडल यांची अशी शिस्तीत रांग लागली होती, की वर्ग त्यांचाच भरणार आहे असं वाटावं. मास्तरांची सगळी नोकरी माणसांना रांगेत उभं करण्यात गेली होती. मोठ्या इस्पितळाच्या तळघरात ते एक्स-रे काढायचे, म्हणून वॉर्डातल्या नर्सबाईंनी त्यांना फोटोमास्तर करून टाकलं होतं. तिथं फळा लावूनही माणसं रांग धरत नसत, आणि इथं चपला धरत होत्या. त्यांनी नाकातून एक आवाज काढला आणि आपले बूट वाकडेच ठेवले. बाईंनी ते पायानं सरळ केले.

बाई म्हणजे इथल्या शिक्षिका. बुटक्या, रुंद, दिवसा मोटार चालवायला शिकवणाऱ्या. संध्याकाळी पांढरा झगा आणि काळा घोळदार पायजमा घालून त्या जपानी कुस्ती शिकवत. पाटीवर 'आयकिडो' असं होतं, पण मास्तरांच्या लेखी ती कुस्तीच. खाली टायरचं दुकान होतं. त्यामुळे हॉलमध्ये पाऊल टाकताच आधी रबराचा वास यायचा आणि मग पायांचा. जमिनीवर हिरव्या गाद्या अंथरलेल्या होत्या आणि समोरच्या भिंतीवर एक फळी होती. तिच्यावर काहीच नव्हतं.

"आत येताना तिकडे वाकायचं," बाई म्हणाल्या.

"तिकडे आहे कोण?"

"कुणी नाही. जागेला वाकायचं."

"जागा भाड्याची ना?"

"म्हणूनच वाकायचं. उद्या असेलच असं नाही."

मास्तर वाकले, पण मान हलवण्यापुरतेच. वय चोपन्न, पोट सुटलेलं, अंगात भाच्याच्या लग्नात कुणीतरी दिलेली ट्रॅकपँट. भोवती नवीन आलेले आणखी तिघंचौघं होते. त्यात एक विमा एजंट होता, गोलगरगरीत. त्यानं पहिल्याच दिवशी नवाकोरा झगा आणला होता आणि त्याच्या पाठीवर चक्क ड्रॅगन भरतकाम करून घेतला होता. तो हाताच्या कडा हवेत मारत तोंडानं 'हू, हू' करत होता. मास्तरांनी त्याच्याकडे बघून मनातल्या मनात त्याचा एक्स-रे काढला. आत माणूस कमी आणि गॅस जास्त, असा निकालही देऊन टाकला.

हे त्यांचं जुनंच होतं. माणसांना आतून बघायची सवय लागली की बाहेरून कुणाची भीड राहत नाही. साहेब असो, हमाल असो, काचेवर लावल्यावर बरगड्या सगळ्यांच्या सारख्याच. मास्तर कुणालाच मोजत नसत. डॉक्टरांना फोटो उलटा धरून वाचणारे म्हणत, रुग्णांना मेंढरं म्हणत आणि नातेवाइकांना तर त्यांनी नावच ठेवलं नव्हतं. घरी बायको कधी म्हणायची, "अहो, जगात एक तरी माणूस धड आहे का तुमच्या मते?" त्यावर मास्तर प्रामाणिकपणे विचार करून म्हणत, "अजून फोटो काढायला आलेला नाही."

मग उन्हाळ्यात ते झालं.

दुपारची गर्दी होती. मशीन तापून बंद पडलं होतं, आणि रांगेतून एक लाल शर्टवाला धिप्पाड माणूस पुढे आला. "किती वेळ? ऐकू येत नाही का तुला?" मास्तर चष्मा काढून रुमालानं पुसत होते. वर न बघताच त्यांनी नेहमीच्या सुरात सांगितलं, "घाई असेल तर घरी जाऊन काढा." आणि कानफटात बसली. आवाज मोठा झाला. तळघराच्या भिंती फरशीच्या, त्यामुळे जरा जास्तच. सगळी रांग बघत होती. मास्तरांच्या कानात शिट्टी वाजत होती. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, घसा साफ केला आणि म्हणाले, "पुढचा नंबर."

वॉर्डात ते दोन दिवस पुरलं. बायकोच्या कानावर तिच्या भावाकडून गेलं. तो औषधं पुरवायला इस्पितळात यायचा. त्या रात्री जेवताना तिनं एवढंच विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? पुढचा नंबर बोलावला."

तिनं पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला आणि उठून गेली. लाल शर्टाचा मार मास्तरांना दिवसभर झोंबला होता. बायकोचं ते गप्प राहणं मात्र त्यानंतर रोज झोंबत राहिलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तिनं टोमणा मारला नाही असं कधी घडलं नव्हतं. टोमणा न मारण्याइतके आपण बिचारे झालो?

तेव्हापासून ते आंघोळ करताना, बसमध्ये, मशीनच्या काचेमागे उभं राहून एकच चित्र बघत. लाल शर्टवाला हात उगारतो. आपण तो हात धरतो, पिरगाळतो आणि तो गुडघ्यावर येतो. रांग बघत असते. एवढा एक डाव आला की पुरे. बाकी जपान त्यांना नको होता. बायकोला त्यांनी सांगितलं, "पाठ धरते, व्यायामाला जातो." ती म्हणाली, "जा." तेही नुसतंच.

"चष्मा, घड्याळ, अंगठ्या काढून दाराशेजारच्या कोनाड्यात ठेवा," बाई म्हणाल्या. "नखं वाढलेली असतील तर कापून या. कात्री तिथं आहे. सगळ्यांची एकच, तेव्हा तोंड वाकडं करू नका."

एजंटानं तोंड वाकडं केलं. मास्तरांनी नखं दाखवली. ती नेहमीच कापलेली असत. चष्मा काढला तसा हॉल धूसर झाला आणि माणसं पांढऱ्या गाठोड्यांसारखी दिसायला लागली. तशी ती जास्त बरी दिसत होती.

"इथं मला सेन्सेई म्हणतात. म्हणजे सर, बाई, जे काय म्हणाल ते. पहिल्या दिवशी तुम्हाला कुणाला मारायला शिकवणार नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आज फक्त पडायचं."

"पडायला येतं की," मास्तर म्हणाले. "त्यासाठी फी कशाला?"

"येतं म्हणता? पडून दाखवा."

मास्तरांनी मोठ्या तोऱ्यात पाऊल पुढे टाकलं. पडणं त्यांच्याइतकं कुणी बघितलं असेल? घसरलेली, ढकललेली, शिडीवरून आलेली माणसं त्यांच्याकडे येत, आणि निम्म्यांचं मनगट गेलेलं असे. मूर्ख माणूस पडताना हात पुढे टाकतो. हे वाक्य त्यांनी शिकाऊ पोरांना हजार वेळा ऐकवलं होतं. बाईंनी त्यांच्या खांद्याला नुसता हात लावला, पाऊल मागून अडवलं, आणि मास्तरांचे दोन्ही हात त्यांना न विचारता पुढे गेले. गादीवर तळवे खरवडत ते पालथे आले.

"हात," बाई म्हणाल्या. "हाच घात करतो. हनुवटी छातीला, पाठ गोल आणि गडगडत जायचं."

एजंट पडला तो खरंच गडगडत गेला, पार भिंतीपर्यंत. बाई म्हणाल्या, "छान." मास्तरांना त्या माणसाचा मनापासून तिटकारा आला.

मग बराच वेळ पडणंच चाललं. बसून पडा, उकिडवं होऊन पडा, उभ्यानं पडा. गुडघे दुखायला लागले, मान अवघडली, ट्रॅकपँट घसरायला लागली. प्रत्येक वेळी उठताना मास्तर एक नवी शिवी शोधत. बाईंना, जपानला, पाटी रंगवणाऱ्याला. आपल्यासारख्या माणसानं या खुळ्यांच्या मेळ्यात यावं म्हणजे हद्द झाली. पाणी पिऊन सरळ निघून जायचं, असं त्यांनी ठरवलं, आणि तेवढ्यात दारात कुणीतरी म्हणालं, "उशीर झाला बाई. ट्रक अडकला होता."

आवाज खरखरीत होता, गाळणीतून गाळून आल्यासारखा. मास्तर जागच्या जागी वळले. त्यांनी डोळे बारीक केले. धूसर, धिप्पाड आकार. अंगात राखाडी टी-शर्ट. पण हा आवाज त्यांनी इतक्या महिन्यांत मनात इतक्या वेळा ऐकला होता, की शर्ट कुठलाही असता तरी तो लालच दिसला असता.

तो आत आला, बाईंनी बोट दाखवल्यावर रिकाम्या भिंतीला कमरेतून वाकला आणि त्यानं सगळ्यांना 'नमस्कार' केला. मास्तरांनाही केला. "मी पण नवीनच हो काका. काही अवघड नाही ना?" तो त्यांच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर उभा होता. त्यानं त्यांच्याकडे नीट बघितलं, हसला आणि पडायला शिकायला गेला.

त्यानं ओळखलं नव्हतं.

मास्तर निघून जायचे राहिले.

"आता जोड्या," बाई म्हणाल्या. "उंचीला उंची बघून. तुम्ही दोघं." त्यांनी मास्तरांचा आणि त्या माणसाचा हात धरून दोघांना समोरासमोर उभं केलं. "एकानं मनगट धरायचं. दुसऱ्यानं त्याचा तळवा असा दाबून बाहेरच्या बाजूला वळवायचा. हळू. सावकाश. दुखायला लागलं की समोरचा गादीवर थोपटेल. थोपटलं की सोडायचं. त्याच क्षणी. मग तुमची तंद्री लागलेली असो की डाव अर्धवट असो. हा एक नियम डोक्यात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल."

आधी मास्तरांनी धरलं आणि त्यानं वळवलं. त्याचे हात मोठे, पण तो फार जपून करत होता. अंड्यांची टोपली धरल्यासारखा. "लागलं का काका? सांगा हं." मास्तरांनी थोपटलं. त्यानं चटकन सोडलं आणि वर "सॉरी" म्हणाला. मास्तरांना हे सगळ्यात जास्त लागलं. हा माणूस चांगला वागत होता.

मग पाळी आली मास्तरांची. त्यानं मनगट धरलं. मास्तरांनी बाईंनी दाखवल्याप्रमाणे त्याचा तळवा दाबला आणि बाहेर वळवला, आणि काय आश्चर्य, ते चित्र जसंच्या तसं समोर उभं राहिलं. धिप्पाड देह वाकला, गुडघा गादीला टेकला, मान खाली आली. इतकं सोपं होतं हे? मास्तरांच्या छातीत काहीतरी ऊन ऊन पसरलं. त्यानं गादीवर थोपटलं. मास्तरांनी ऐकलं. त्यानं पुन्हा थोपटलं, जोरात. मास्तर त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. ओळख आता. आता तरी ओळख. पण त्या चेहऱ्यावर ओळखीचं काही येत नव्हतं, नुसतं दुखणं येत होतं. म्हणून मास्तरांनी आणखी थोडं वळवलं.

"अहो! सोडा! काका!"

सगळा हॉल थांबला. बाई कधी आल्या ते मास्तरांना कळलंच नाही. त्यांच्या कोपराला कुठंतरी बाईंचा अंगठा लागला आणि हात आपोआप उघडला. तो माणूस मनगट पोटाशी धरून बसला होता. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"तुम्ही भिंतीशी बसा," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता.

"चुकून..."

"चुकून नाही. मी बघत होते. बसा."

मास्तर भिंतीशी जाऊन बसले. शेजारी एजंटाचा टॉवेल आणि पाण्याची बाटली होती. एजंट आला, मास्तरांकडे बघितलं आणि टॉवेल, बाटली उचलून दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. मास्तरांना ते बघणं ओळखीचं वाटलं. तळघरात काचेमागून ते स्वतः असंच बघत. पाठीवर ड्रॅगन लावलेल्या माणसानं त्यांना मोजलं नव्हतं.

ते ऊन कुठं गेलं ते कळलं नाही. इतके महिने जपलेलं चित्र, आणि ते पान उलटायला लागतो तेवढ्या वेळातच संपलं.

वर्ग सुटला. बाईंनी त्या माणसाच्या मनगटाला पट्टी गुंडाळून दिली, बोटं हलवून बघितली आणि म्हणाल्या, "मोडलेलं नाही, लचकलंय." मग मास्तरांपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"गुरुवारी यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. आलात तर जोडी त्याच्याशीच."

"का?"

"दुसरा कुणी तुमच्या हातात हात देणार नाही म्हणून."

मास्तर चष्मा चढवून बाहेर आले. जिन्याच्या वरच्या पायरीवर तो बसला होता, बूट पुढ्यात घेऊन. बाकीची मंडळी उतरून गेली होती. त्याला ओलांडून जायला जागा होती, पण मास्तर थांबले.

"काका, एक विचारू?" तो वर न बघता म्हणाला. "मी तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"घोडं नाही. कानफटात मारली होतीत."

"कुणाच्या?"

"माझ्या."

त्यानं आता वर बघितलं. "कधी?"

"उन्हाळ्यात. मोठ्या इस्पितळात, तळघरात. मी एक्स-रे काढतो. तुमच्याबरोबर एक म्हाताऱ्या बाई होत्या. चाकाच्या खुर्चीत."

"आई." तो विचारात पडला. छत्री कुठल्या दुकानातून घेतली होती असं विचारल्यावर माणूस पडतो तसा, अगदी मनापासून. "पण तुम्हाला तर चष्मा आहे. मी चष्मेवाल्यावर हात टाकत नाही हो कधी. काच गेली डोळ्यात तर केस होते."

"पुसत होतो. चष्मा."

"मग झालं असेल," तो म्हणाला. "तेव्हा फार व्हायचं. पेट्रोल पंपावर एकाला, शाळेच्या वॉचमनला, एकदा तर आमच्या साडूला, भर जेवणात. सगळे कुठं लक्षात राहतात? म्हणून तर बायकोनं इथं धाडलं. म्हणाली, एक तर हात आवरायला शिका, नाहीतर मी पोरांना घेऊन भावाकडे चालले."

मास्तर कठड्याला टेकले. इतके दिवस ज्याला आंघोळीला, जेवायला, झोपायला बरोबर घेऊन हिंडले, त्याच्याकडे त्यांची आठवणसुद्धा नव्हती. वॉचमन आणि साडू यांच्या मधे कुठंतरी ते पडून होते.

"बरं, मग मारा," तो एकदम म्हणाला. उठून उभा राहिला, गाल पुढे केला आणि न्हाव्याच्या खुर्चीत बसावं तसे डोळे मिटले. "द्या एक ठेवून. फिट्टंफाट. तुम्ही मोकळे, मी मोकळा."

गाल नुकता घोटलेला होता. कानाखाली एक पुटकुळी होती. मास्तरांचा उजवा हात जड झाला, आणि काही क्षण तो कुठं जाईल ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण त्या मिटल्या डोळ्यांकडे, त्या उदार चेहऱ्याकडे बघता बघता त्यांना किळस आली. ही थप्पडसुद्धा त्यानंच दिल्यासारखी झाली असती.

"डोळे उघडा," ते म्हणाले. "नाटक नको. लोक बघतायत."

जिन्यात कुणीही नव्हतं. त्यानं डोळे उघडले, थोडा खजील झाला आणि पुन्हा पायरीवर बसला. खाली टायरवाल्यानं शटर ओढायला घेतलं होतं.

"आई कशा आहेत?" मास्तरांनी विचारलं. का विचारलं ते त्यांचं त्यांना कळलं नाही.

"गेली. त्या मोडलेल्या हाडामुळं नाही हो. नंतर, पावसाळ्यात. छातीत कफ झाला." त्यानं पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. "हाड मात्र चांगलं जुळलं होतं. डॉक्टर म्हणाले, या वयात इतकं छान जुळत नाही."

मास्तरांनी म्हातारीचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. खुर्चीची चाकं आठवली, पायावरची चादर आठवली. चेहरा येईना. कुठलं हाड तेही येईना. तो माणूस त्यांच्याकडे बघत होता, त्यांना काहीतरी आठवत असेल अशा आशेनं.

"हूं," मास्तर म्हणाले.

त्यानं मान हलवली आणि बूट चढवायला घेतले. बूट महागाचे होते, घोट्याच्या वरपर्यंत येणारे, लांबलचक लेसचे. पट्टीतली बोटं वळत नव्हती. एका हातानं त्यानं लेस ओढली, ती सुटली. दातात धरायला वाकला, पोट आडवं आलं. मास्तर कठड्याला टेकून बघत राहिले. एवढा मोठा घोडा, ट्रक काय बाळगतो, गावभर हात काय उगारतो, आणि साधा बूट बांधता येईना. घरी जाऊन काय सांगणार बायकोला? हात आवरायला गेलो आणि हातच बांधून आलो? तो पुन्हा वाकला, पुन्हा लेस निसटली. या खेपेला त्यानं कुणालाच शिवी दिली नाही. नुसता लेसकडे बघत बसला.

"थांबा," मास्तर म्हणाले.

ते दोन पायऱ्या खाली उतरले आणि त्याच्या पायाशी बसले. गुडघ्यातून कळ आली. खालून कुणी वर आलं असतं तर त्याला काय दिसलं असतं, हे त्यांच्या मनात येऊन गेलं. त्यांनी लेस दोन्ही बाजूंनी सारखी ओढून घेतली, छिद्राछिद्रातून ताणली आणि घोट्यावर घट्ट गाठ मारली.

"दुसरा पाय," ते म्हणाले.